व्रत संस्थेचे, उपास खेळाडूंचा

मार्च २००३ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचे वेळापत्रक जाहीर झाले आणि आयोजकांना घाम फुटला. ब्रिगॅम यंग विद्यापीठाचा संघ चुकून अशा गटात जाऊन बसला होता, की पहिले दोन सामने जिंकले असते तर पुढे त्याच्या वाट्याला रविवार आला असता. युटा राज्यातल्या प्रोव्हो शहरातले हे विद्यापीठ मॉर्मन पंथाचे. रविवार हा उपासनेचा आणि विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी त्यांचा कोणताही संघ मैदानात उतरत नाही. महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या नियमपुस्तकात अशा संस्थांसाठी सवलतही लिहिलेली आहे. निवड समितीला तिचा विसर पडला, एवढेच. मग धावपळ करून तोडगा निघाला: संघ तिथवर पोहोचलाच, तर त्याची दुसऱ्या विभागातल्या संघाशी अदलाबदल करायची. ब्रिगॅम यंगने पहिलाच सामना कनेटिकटविरुद्ध गमावला आणि समितीची सुटका झाली.

बातमी म्हणून हे प्रकरण चार ओळींचे. पण त्याच वर्षी सीबीएस वाहिनीचा या स्पर्धेसाठीचा नवा करार सुरू झाला होता: अकरा वर्षांसाठी सहा अब्ज डॉलर. एवढे पैसे मोजणाऱ्याला शनिवारही लागतो आणि रविवारही. वाहिनी ठरावीक वारचे ठरावीक तास विकत घेते, त्यांचे तुकडे करते आणि जाहिरातदारांना विकते. वार, तिथी, प्रार्थनेची वेळ ही तर धर्मांची जुनी वतनदारी. त्यामुळे वेळ विकत घेणारा आणि वेळ राखून ठेवणारा यांची गाठ कधी ना कधी पडणारच होती.

अमेरिकेत धर्मसंस्थांनी उभी केलेली विद्यापीठे थोडीथोडकी नाहीत. नोटर डेम कॅथलिकांचे, जॉर्जटाऊन आणि बोस्टन कॉलेज जेझुइटांचे, बेलर बॅप्टिस्टांचे, डॅलसमधले सदर्न मेथडिस्ट तर नावातच पंथ मिरवणारे. ही सगळी विद्यापीठे आज दूरचित्रवाणी हक्कांच्या बाजारात उभी आहेत आणि त्या बाजारातले आकडे डोळे फिरवणारे आहेत. देवाच्या नावाने चालणारी संस्था आपला खेळ विकायला बसली, की तिने काय विकावे, काय राखावे? आणि जे राखले, त्याची किंमत कोणी मोजावी? यातला दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

धर्म आणि खेळ यांचे नाते अमेरिकेत ओढूनताणून जोडलेले नाही. बास्केटबॉलचा जन्मच डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत झाला. तो शोधणारा जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला होता आणि पुढे प्रेस्बिटेरियन पंथाचा दीक्षित धर्मोपदेशक झाला. त्याच शाळेतला त्याचा सहकारी अमोस अलोन्झो स्टॅग येलमध्ये धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन आलेला. व्यासपीठावरून उपदेश करण्यापेक्षा मैदानावर मुले घडवणे आपल्याला जास्त जमेल असे त्याला वाटले आणि तो शिकागो विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक झाला. शरीर कसले की चारित्र्यही कसले जाते, ही त्या पिढीची श्रद्धा होती. पैसा आला की ती भ्रष्ट होईल, अशी भीतीही त्या श्रद्धेला चिकटून आली. खेळाडूने मोबदला घ्यायचा नाही, हा नियम त्या भीतीतून पवित्र झाला.

दूरचित्रवाणी आली तेव्हा पहिली भीती मात्र चारित्र्याची नव्हती, तिकिटांची होती. सामना घरबसल्या दिसला तर मैदानावर कोण येईल? म्हणून १९५१ पासून एनसीएएने फुटबॉलचे प्रक्षेपण आपल्या मुठीत घेतले. कोणत्या संघाचा सामना किती वेळा दिसेल हे संघटना ठरवू लागली आणि ही पकड तीन दशके टिकली. तिचा एक विलक्षण नमुना न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे. १९८१ मध्ये ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया या दोन मातब्बर संघांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखवला गेला. सिटाडेल आणि अ‍ॅपलाचियन स्टेट यांचा सामना दिसला चार केंद्रांवर. चारही संघांना पैसे सारखेच मिळाले.

हा अन्याय की समता? ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांना तो अन्याय वाटला आणि त्यांनी एनसीएएला न्यायालयात खेचले. जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. संघटनेचे नियंत्रण स्पर्धाविरोधी ठरले. विरोधात गेलेल्या दोन न्यायमूर्तींपैकी बायरन व्हाइट हे स्वतः कोलोराडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. हा खेळ शिक्षणाशी बांधलेला राहावा यासाठी बाजाराला थोडी वेसण हवी, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी, आणि त्यात जाता जाता एक मुद्दा मांडला: महाविद्यालयीन खेळाचे वेगळेपण टिकवायचे तर खेळाडूंना वेतन देता कामा नये.

त्या निकालात पुढच्या चाळीस वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. विद्यापीठाला खेळ विकायची मोकळीक मिळाली. खेळाडूला फुकट खेळण्याचे बंधन तसेच राहिले. ते जाता जाता केलेले विधान एनसीएएने ढालीसारखे वापरले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने, तो भाग निर्णयाचा नव्हताच, असे सांगेपर्यंत ही ढाल उपयोगी पडत राहिली.

मोकळीक मिळाल्यावर कॅथलिक नोटर डेमने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. इंडियाना राज्यातल्या या विद्यापीठाच्या ग्रंथालयावर ख्रिस्ताचे उंचच उंच भित्तिचित्र आहे. दोन्ही हात वर केलेला तो गुरुरूप ख्रिस्त फुटबॉलच्या मैदानावरून पाहिला, तर पंच गुण जाहीर करतोय असे वाटते. म्हणून लोकांनी त्याला ‘टचडाउन जीझस’ असे लाडके नाव दिले. सुरुवातीला इतर बड्या विद्यापीठांच्या सामाईक करारात नोटर डेमही होते. १९९० मध्ये ते त्यातून बाहेर पडले आणि एनबीसी वाहिनीशी स्वतःपुरता वेगळा करार करून मोकळे झाले. १९९१ पासून पाच वर्षांसाठी सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर. एकाच विद्यापीठाचे सगळे घरचे सामने देशभर दाखवणारा असा करार आधी कोणी केला नव्हता. भागीदारांना हा घाव वर्मी लागला. पुढे नव्वदच्या दशकातच मैदान वाढवून आसनसंख्या ८० हजारांवर नेली, तेव्हा वाढलेल्या भिंतींआड ते भित्तिचित्र काहीसे झाकले गेले. ही घटना एखाद्या कादंबरीत आली असती तर समीक्षकांनी प्रतीक फार ढोबळ आहे म्हणून नाक मुरडले असते.

नोटर डेमची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. एनबीसीच्या पैशातला एक भाग विद्यापीठाने सामान्य विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीच्या निधीत टाकला. संघासाठी मिस्सा होते. सामन्यांच्या प्रक्षेपणात विद्यापीठ आपल्या संशोधनावरच्या आणि सेवाकार्यावरच्या छोट्या फिती दाखवते. १९५२ ते १९८७ अशी पस्तीस वर्षे अध्यक्ष राहिलेले फादर थिओडोर हेसबर्ग यांनीच पुढे महाविद्यालयीन खेळांच्या शुद्धीकरणासाठी नेमलेल्या नाइट आयोगाचे सहअध्यक्षपद सांभाळले. पैसा घ्यायचा, पण त्याला कामाला लावायचे, असा हा पवित्रा.

या पवित्र्याची सर्वांत चांगली तपासणी नोटर डेममध्येच शिकवलेल्या एका तत्त्वज्ञाच्या हत्यारांनी करता येते. अ‍ॅलस्डेअर मॅकिंटायर, मूळचे ग्लासगोचे, मार्क्सवादाकडून कॅथलिक श्रद्धेकडे आलेले, मे २०२५ मध्ये ९६ व्या वर्षी निवर्तले. १९८१ साली आलेल्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या त्यांच्या ग्रंथात एक साधे उदाहरण आहे. बुद्धिबळात रस नसलेल्या लहान मुलाला खाऊचे आमिष दाखवून खेळायला बसवले. जोवर तो खाऊसाठी खेळतो, तोवर संधी मिळताच फसवायला त्याची ना नसते. पण खेळता खेळता त्याला त्या खेळातलीच गंमत कळू लागली, डावातली दूरदृष्टी, कल्पकता, चुरस, की फसवणे म्हणजे स्वतःलाच हरवणे ठरते. खेळाच्या पोटात असलेले श्रेय वेगळे आणि खेळाच्या बाहेरून मिळणारा पैसा, मान, सत्ता हा लाभ वेगळा. पहिले वाटल्याने संपत नाही. दुसऱ्यात मात्र एकाला जास्त मिळाले की दुसऱ्याला कमी पडते.

मराठी वाचकाला इथे कठोपनिषदातली श्रेय आणि प्रेय ही जोडी आठवेल. मात्र नचिकेत्यापुढची निवड एकट्याची होती आणि त्याला प्रेय सरळ नाकारता आले. मॅकिंटायर यांचा पेच अधिक अवघड आहे. त्यांच्या मते कोणतीही साधना संस्थेशिवाय टिकत नाही, आणि संस्थेला बाहेरच्या लाभावाचून एक दिवसही ढकलता येत नाही. मैदान बांधायला पैसा लागतो, प्रशिक्षक नेमायला पैसा लागतो. त्यामुळे संस्था साधनेला जगवते आणि तीच तिला कुरतडतेही. ‘आम्ही पैसा घेतो, पण तो चांगल्या कामाला लावतो’ हे नोटर डेमचे उत्तर या कसोटीवर अर्धेच उतरते. पैशाचा विनियोग कितीही चांगला असो, तो मिळवताना खेळाचे काय झाले हा प्रश्न शिल्लकच राहतो.

खेळाचे काय झाले, ते घड्याळ सांगते. सामना किती वाजता सुरू होणार हे आता वाहिनी ठरवते, अनेकदा जेमतेम आठवडा-दोन आठवडे आधी. जाहिरातींसाठी खेळ थांबवला जातो आणि मैदानात बावीस धडधाकट तरुण प्रक्षेपण पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत उभे राहतात. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन बड्या विद्यापीठांनी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जुन्या कॉन्फरन्सला, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाला, सोडचिठ्ठी देऊन मध्य-पश्चिमेतल्या बिग टेनमध्ये जायचे ठरवले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती शतकभराची कॉन्फरन्स पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची विद्यापीठे आज अ‍ॅटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतात. फुटबॉल संघाला हे वर्षातून मोजक्या वेळा सोसावे लागते. व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुला-मुलींना मात्र आठवड्याच्या मधल्या वारी देश ओलांडून जावे लागते, आणि त्यांच्या खेळासाठी हा करार झालेलाच नव्हता.

बिग टेनचा २०२२ मधला करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरच्या वरचा आहे. फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी अशा तीन वाहिन्यांनी मिळून तो घेतला. फुटबॉलच्या राष्ट्रीय बाद फेरीसाठी ईएसपीएन या वाहिनीने २०२४ मध्ये सहा वर्षांचे ७.८ अब्ज डॉलर देऊ केले. जुन्या सदस्य विद्यापीठांच्या वाट्याला २०२३-२४ मध्ये बिग टेनकडून सहा कोटी डॉलरच्या घरात रक्कम आली. या पार्श्वभूमीवर शिकागो विद्यापीठाची आठवण होते. स्टॅगचे हे विद्यापीठ बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक. सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला मिळणारी पहिली हाइझमन ट्रॉफी, १९३५ ची, त्याच्याच खेळाडूने जिंकली. १९३९ मध्ये अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल बंद केला आणि १९४६ मध्ये विद्यापीठाने कॉन्फरन्सही सोडली. विद्यापीठाचे काम विद्या, असे हचिन्स यांचे सरळ गणित होते. निर्णय बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, पण त्याची झळ विद्यापीठाने स्वतः सोसली.

आता खेळाडूकडे वळू. गीतेतला निष्काम कर्माचा उपदेश घराघरांत पोचलेल्या समाजाला बिनमोबदला खेळाचा आदर्श परका वाटायला नको. पण तो उपदेश करणारा स्वतः घोडे हाकत होता आणि विजयातला वाटा मागत नव्हता, हेही त्या समाजाला ठाऊक आहे. एनसीएएच्या व्यवस्थेत फळाची आशा सोडायची होती ती विशीतल्या मुलाने, आणि त्यांपैकी कित्येक मुले गरीब कृष्णवर्णीय घरांतली होती. शिक्षण, राहणे, जेवण एवढे त्याला मिळे. फळ मात्र झाडावर लोंबकळत राहत नव्हते. ते प्रशिक्षक, क्रीडा संचालक, कॉन्फरन्सचे आयुक्त आणि वाहिन्या यांच्या टोपल्यांत जात होते. नोटर डेमचे प्रशिक्षक ब्रायन केली २०२१ च्या अखेरीस लुईझियाना स्टेटमध्ये गेले, ते दहा वर्षांच्या सुमारे साडेनऊ कोटी डॉलरच्या करारावर. खेळाडूने विद्यापीठ बदलले तर त्याला वर्षभर बाकावर बसवण्याचा नियम त्याच वर्षापर्यंत लागू होता.

ज्यांनी ही व्यवस्था राखली त्यांच्यापैकी एकाचे मतपरिवर्तन नोंदवण्याजोगे आहे. वॉल्टर बायर्स यांनी १९५१ पासून तीन दशकांहून अधिक काळ एनसीएएचा कारभार हाकला. १९९५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनीच या व्यवस्थेवर तोफ डागली: ती खेळाडूंना दाबून वरच्यांची धन करते, असे त्यांचे निदान होते.

मग पाप कोणते आणि नियमभंग कोणता? सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाची कथा या प्रश्नाला थेट भिडते. ऐंशीच्या दशकात या विद्यापीठाचे श्रीमंत हितचिंतक फुटबॉलपटूंना गुपचूप पैसे देत होते. टेक्ससचे गव्हर्नर बिल क्लेमंट्स आधी विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. पैसे चालू ठेवण्याच्या निर्णयात आपण सहभागी होतो, अशी कबुली त्यांनी दिली. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएने विद्यापीठाचा फुटबॉलचा पूर्ण हंगाम रद्द केला. त्या शिक्षेला आजही ‘मृत्युदंड’ म्हणतात. मेथडिस्ट बिशपांनी वेगळी चौकशी केली, नियामक मंडळाची झाडाझडती झाली. खोटे बोलणे हे पाप होते, यात शंका नाही. पण खेळाडूला पैसे देणे? तीच गोष्ट आता विद्यापीठे उघडपणे, बँकेतून, न्यायालयाच्या मंजुरीने करतात. आणि हेच विद्यापीठ २०२४ मध्ये अ‍ॅटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये दाखल झाले, ते नऊ वर्षे दूरचित्रवाणीच्या पैशातला वाटा घेणार नाही असे मान्य करून. पहिल्याच हंगामात संघ राष्ट्रीय बाद फेरीत पोहोचला. एके काळी लाच देऊन खेळाडू आणणारी संस्था आता आपला हिस्सा सोडून बाजारात जागा मिळवते. दोन्ही वेळा खिसा देणगीदारांचाच.

उरले ब्रिगॅम यंग. त्याच्या रविवारच्या व्रताबद्दल अमेरिकेतही दोन टोकाची मते आहेत. कोणाला ती निष्ठा वाटते, कोणाला आडमुठेपणा. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूने प्राथमिक फेरी रविवारी असल्याने शंभर मीटरची शर्यत सोडली आणि चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले. तिथे व्रत त्याचे आणि तोटाही त्याचाच, म्हणून गोष्ट स्वच्छ आहे. विद्यापीठाचे तसे नसते. नियम संस्था करते आणि पाळतात खेळाडू. ब्रिगॅम यंगच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की तिथे येणारी बहुतेक मुले त्याच श्रद्धेत वाढलेली असतात आणि कित्येक जण खेळ मध्येच थांबवून दोन वर्षे धर्मप्रसाराला जातात. त्यांच्यावर रविवार लादलेला नाही.

तरीही या व्रताला कुठे झळ लागते आणि कुठे लागत नाही, हे पाहायला हवे. पैसा सर्वाधिक फुटबॉलमध्ये, आणि महाविद्यालयीन फुटबॉलचा दिवस शनिवार. १९६१ च्या कायद्याने व्यावसायिक फुटबॉलला हंगामात शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवारपासून दूर ठेवले, आणि रविवार व्यावसायिकांचाच राहिला. म्हणजे ज्या खेळातून तिजोरी भरते, तो खेळ ब्रिगॅम यंगकडे रविवार मागतच नाही. व्रत मोडण्याचा प्रसंग येतो तो बास्केटबॉल, बेसबॉल यांच्या स्पर्धांत. पुरुषांच्या बास्केटबॉलची अंतिम फेरी सोमवारी असते, महिलांची रविवारी. ब्रिगॅम यंगच्या मुली अजून तिथवर पोहोचलेल्या नाहीत.

न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, म्हणजे शब्बाथला, खेळत नाही. सलग पन्नास सामने जिंकून या ज्यू संघाने २०२१ मध्ये देशाचे लक्ष वेधले होते. पण तो खेळतो तिसऱ्या श्रेणीत, जिथे हक्कांच्या लिलावाचा प्रश्नच नाही. तिथे शब्बाथ राखणे सोपे नसेल, स्वस्त मात्र आहे.

ब्रिगॅम यंगला बड्या कॉन्फरन्सचे दार उघडले तेही बाजारामुळेच. २०१६ मध्ये बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सने विस्ताराचा विचार केला, तेव्हा विद्यापीठाच्या आचारसंहितेतल्या समलिंगी संबंधांविषयीच्या नियमांवरून हक्क संघटनांनी विरोध केला. शेवटी विस्तारच झाला नाही. २०२१ च्या जुलैत टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी ती कॉन्फरन्स सोडायचे जाहीर केले. होय, १९८४ चा खटला जिंकणारे तेच ओक्लाहोमा. प्रेक्षक खेचणारे दोन मोठे संघ जाणार हे कळताच सप्टेंबरमध्ये ब्रिगॅम यंगला आमंत्रण गेले. आचारसंहिता तीच होती, रविवारही तोच होता. बदलली होती फक्त कॉन्फरन्सची गरज. २०२२ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्सशी झालेला बिग ट्वेल्व्हचा करार सहा वर्षांचा आणि २.२८ अब्ज डॉलरचा आहे. सरासरी प्रत्येक विद्यापीठामागे वर्षाला ३ कोटी १७ लाख.

या रकमेबरोबर जे येते, त्याकडे व्रताचे लक्ष नाही. मॉर्मन पंथाला दारू वर्ज्य, चहा-कॉफी वर्ज्य, जुगार वर्ज्य; युटाच्या राज्यघटनेनेही जुगाराला थारा दिलेला नाही. फुटबॉलच्या प्रक्षेपणात बिअरच्या जाहिराती असतात आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्यावरची केंद्रीय बंदी उठवल्यापासून सट्ट्याच्या जाहिरातीही. ईएसपीएनने तर २०२३ मध्ये स्वतःच्या नावाने सट्ट्याचे अ‍ॅप आणले. शनिवार विकला, की त्या शनिवारात काय भरायचे हा हक्क घेणाऱ्याचा. दिवस पवित्र राखला आणि उरलेल्या सहा दिवसांत काय दाखवले जाते याकडे डोळेझाक केली, तर ते व्रत फार अरुंद ठरते. एवढ्या श्रीमंत चर्चच्या पाठबळावर उभ्या विद्यापीठाने सट्ट्याच्या जाहिरातींवर अडून बसायला हरकत नव्हती. तो खरा महागडा रविवार झाला असता.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी, खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. माजी खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई, आणि यापुढे प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटता येईल. जी गोष्ट कोणत्याही धर्मपीठाने आपणहून केली नाही, ती न्यायालयाने करवून घेतली.

नोटर डेमचे तेव्हाचे अध्यक्ष फादर जॉन जेन्किन्स २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सशी बोलताना म्हणाले होते, की खेळाडूंना पगारी नोकर ठरवले तर आपले विद्यापीठ त्या व्यवस्थेत राहणार नाही. त्यांचा युक्तिवाद मनापासूनचा होता: गुरू-शिष्याचे नाते मालक-नोकराच्या नात्यात बदलले, की विद्यापीठ आपला आत्मा गमावते. यात तथ्य आहे. पण हे नाते खेळाडूने बदललेले नाही. १९९० मध्ये एनबीसीशी करार करताना ते संस्थेने बदलले. २०२४ मध्ये तर एनबीसी स्पोर्ट्सचे माजी अध्यक्ष पीट बेव्हॅक्वा हेच नोटर डेमचे क्रीडा संचालक झाले. माल घेणाऱ्याच्या घरचा माणूस माल विकणाऱ्याच्या गादीवर येऊन बसला असताना, शिष्यानेच तेवढे गुरुकुलात राहावे हा आग्रह टिकत नाही.

आणि कॅथलिक विद्यापीठाला हे बाहेरच्या कोणी सांगण्याची गरजही नाही. नेस्मिथने बास्केटबॉलची टोपली टांगली त्याच वर्षी, १८९१ च्या मे महिन्यात, पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक निघाले. श्रमाला न्याय्य मोबदला मिळावा आणि श्रमिकांना आपल्या संघटना बांधता याव्यात, ही कॅथलिक सामाजिक शिकवण तिथून सुरू होते. मेथडिस्टांनी स्थापलेल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी एप्रिल २०१४ मध्ये कामगार संघटनेसाठी मतदानही केले. मतपेट्या सील झाल्या, विद्यापीठाने अपील केले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने या प्रकरणात पडायला नकार दिला. ती मते मोजलीच गेली नाहीत.

नोटर डेमचा एनबीसीशी असलेला करार २०२९ पर्यंत आहे, बिग ट्वेल्व्हचा २०३०-३१ च्या हंगामापर्यंत. पुढच्या बोलणीत सामन्याची वेळ, प्रवास, सट्ट्याच्या जाहिराती आणि वाटणी या सगळ्यावर निर्णय होतील, आणि त्या टेबलाभोवती खेळाडूंचा निवडलेला प्रतिनिधी आजच्या घडीला कुठेच नाही. त्याला खुर्ची द्या, हा आग्रह दुसऱ्या कोणाआधी क्रॉस मिरवणाऱ्या विद्यापीठांनी धरायला हवा.